मागासवर्ग आयोग

सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास राहिलेले समाज ओळखून त्यांच्या उन्नतीचे उपाय सुचवण्यासाठी भारतात नेमले जाणारे शासकीय आयोग. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४० नुसार राष्ट्रपती असा आयोग नेमू शकतात. तो नेमण्यात होणारी दिरंगाई हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडताना मांडलेल्या कारणांपैकी एक होते.

पहिला आयोग १९५३ मध्ये काका कालेलकरांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याने २,३९९ जाती मागास ठरवल्या आणि त्यांतल्या ८३७ अतिमागास मानल्या. मात्र १९५५ मध्ये अहवाल देताना जातीवर आधारलेल्या निकषाला खुद्द अध्यक्षांनीच राष्ट्रपतींना पत्र लिहून विरोध नोंदवला. केंद्राने अहवाल स्वीकारला नाही. राज्यांनी आपापल्या याद्या कराव्यात, असे १९६१ मध्ये ठरले.

बिहारचे माजी मुख्यमंत्री बिं. प्र. मंडल यांचा दुसरा आयोग (१९७९-८०) वादांमुळेच अधिक आठवला जातो, पण त्याची खरी कामगिरी निकषांत आहे. गुणांच्या एकूण २२ पैकी निम्मे वा अधिक मिळवणारी जात मागास ठरे. चार सामाजिक निकषांना प्रत्येकी तीन, तीन शैक्षणिक निकषांना दोन आणि चार आर्थिक निकषांना एक गुण होता. मुलामुलींची लग्ने कोणत्या वयात होतात, किती मुले शाळेत कधीच गेली नाहीत, किती घरे कच्ची आहेत, पिण्याचे पाणी अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांबून आणावे लागते का, हे त्यात मोजले गेले. मागासलेपण रोजच्या जगण्यातून शोधण्याचा हा प्रयत्न मोलाचा होता. मागासवर्गीय लोकसंख्येच्या ५२ टक्के आहेत हा आकडा मात्र १९३१ च्या जनगणनेवरून काढावा लागला, आणि अनुसूचित जाती-जमातींसह एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत राहावे म्हणून शिफारस २७ टक्क्यांचीच झाली. तिची अंमलबजावणी १९९० मध्ये जाहीर झाली. सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात (१९९२) ती ग्राह्य धरली, पण क्रीमी लेयर, म्हणजे मागासवर्गातला सुस्थितीतला थर, वगळायला सांगितले. याच निकालातून १९९३ चा कायमस्वरूपी राष्ट्रीय आयोग आला. २०१८ मध्ये त्याला घटनात्मक दर्जा मिळाला.

महाराष्ट्रात न्या. गायकवाड आयोगाच्या अहवालावर आधारलेला मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला. ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती न्यायालयाला आढळली नाही. त्याच वर्षी स्थानिक स्वराज्य संस्थांतील ओबीसी आरक्षणासाठीही स्वतंत्र आयोगाची पाहणी बंधनकारक झाली. त्यासाठीच्या २०२२ च्या बांठिया आयोगाने ओबीसींच्या संख्येचा आडनावांवरून अंदाज बांधल्याची टीका झाली, आणि ती रास्त होती: पवार, जाधव, शिंदे ही आडनावे कितीतरी जातींत आढळतात. ओबीसींची प्रत्यक्ष मोजणी व्हावी, ही मागणी त्यामुळेच जोर धरत गेली. येत्या जनगणनेत जातनिहाय नोंद करण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये घेतला.