जुन्या पिकअपचं इंजिन केव्हा तापतं?

बदल केलेली जुनी पिकअप तापायला लागली की लोक एकामागून एक सुटे भाग बदलत जातात आणि तापमानाचा काटा मात्र पुन्हा तिथेच जाऊन टेकतो. असं होतं, कारण ‘कोणता भाग खराब आहे’ हा प्रश्न फार लवकर विचारला जातो. त्याआधी विचारायला हवं की गाडी केव्हा तापते. गर्दीत सरपटताना की मोकळ्या रस्त्यावर वेगात? सपाटीवर की चढावर? एसी लावल्यावर, की मागे ट्रेलर जोडल्यावर? निम्मं निदान या उत्तरांतच असतं आणि त्यासाठी एकही पाना हातात घ्यावा लागत नाही.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ऊर्जा ढोबळमानाने तीन वाटांनी बाहेर पडते. साधारण एक तृतीयांश चाकं फिरवण्याच्या कामी येते, जवळपास तेवढीच सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली मुख्यतः कूलंटमार्फत (इंजिनातून फिरून उष्णता वाहून नेणारा द्रव) रेडिएटरमध्ये, म्हणजे तो द्रव हवेने गार करणाऱ्या नळ्यांच्या चौकटीत पोचते. म्हणजे इंजिन ५० किलोवॉट शक्ती देत असेल, तर रेडिएटरलाही साधारण तेवढीच उष्णता हवेत सोडावी लागते. सिलिंडरमधला जळता वायू क्षणभर २००० अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि अ‍ॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळतं. सिलिंडरांवरचं झाकण, म्हणजे हेड, शाबूत राहतं ते केवळ ही उष्णता अखंड बाहेर नेली जाते म्हणून. काटा स्थिर असतो तेव्हा उष्णतेचा जमाखर्च जुळलेला असतो. तो चढत असेल तर एक तर इंजिन जास्त उष्णता निर्माण करतंय, किंवा कूलंट ती नीट वाहून नेत नाही, किंवा हवा ती घेऊन जात नाही. चौथी शक्यता अशी, की काटाच खोटं सांगतोय.

हा हिशेब कारखान्यात मूळ इंजिन, मूळ टायर आणि मोकळी जाळी धरून मांडलेला होता. नंतर मालकाने इंजिन मोठं बसवलं, गाडी उचलली, टायर मोठे केले, पुढे विंच आणि दिव्यांची रांग लावली, रेडिएटरसमोर एसीचा कंडेन्सर आणि गिअरबॉक्सचा ऑइल कूलर आणून ठेवला. एकेकटा बदल निरुपद्रवी वाटतो, पण सगळ्यांची बेरीज रेडिएटरच्या माथी येते. चढाचंच उदाहरण घ्या. दोन टन वजनाची गाडी ६ टक्के चढावर ताशी ६० किलोमीटर वेगाने नेण्यासाठी सपाटीच्या तुलनेत सुमारे २० किलोवॉट जास्त शक्ती लागते. मागे एक टनाचा ट्रेलर असेल तर आणखी १०. म्हणजे रेडिएटरवरही तेवढाच जादा भार, आणि तोही गाडीचा वेग कमी असताना. टायरचा व्यास २८ इंचांवरून ३३ इंचांवर नेला की त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे १५ टक्के कमी होतात. पट्ट्यावर चालणारा पंखा आणि वॉटर पंप दोन्ही मंदावतात, इंजिनावरचा ताण मात्र वाढतो.

तरीही सुरुवात काट्यापासूनच करावी असं मी आग्रहाने सांगेन. जुन्या गाड्यांतला तापमानाचा सेन्सर म्हणजे तापल्यावर ज्याचा विद्युतरोध कमी होतो असा थर्मिस्टर असतो. इंजिन एका गाडीचं, डॅशबोर्ड दुसऱ्या गाडीचा आणि सेन्सर तिसऱ्याच कंपनीचा असेल, तर काट्यावरच्या खुणांना काही अर्थ उरत नाही. हेडलाइट किंवा पंखा सुरू करताच काटा हलला, तर दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो. इथे पदार्थविज्ञान मदतीला येतं. २०० किलो लोखंड आणि दहा-बारा लिटर कूलंट यांचं तापमान एक अंशाने वाढायला १३० ते १५० किलोज्यूल उष्णता लागते. रेडिएटरने काम पूर्ण थांबवलं आणि ५० किलोवॉट उष्णता आतच साठत गेली, तरी तापमान एका मिनिटात वीसेक अंशांनीच चढेल. त्यामुळे काट्याने एका सेकंदात तीस अंशांची उडी मारली, तर इंजिन तितकं तापलेलं असणं शक्य नाही. तार सैल असेल, नाहीतर वाफेचा बुडबुडा सेन्सरवर येऊन बसला असेल. सेन्सर काढून थर्मामीटरसह गरम पाण्यात धरा आणि मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा. शंका उरत नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटर बरेच जण वापरतात. उपकरण चांगलं आहे, पण चकचकीत धातूवर ते फसतं. गुळगुळीत अ‍ॅल्युमिनियम स्वतःची अवरक्त किरणं फार कमी सोडतं आणि आजूबाजूची परावर्तित करतं, त्यामुळे थर्मोस्टॅटचं (कूलंट ठरावीक तापमानाला पोचल्यावरच त्याला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) ९५ अंशांचं हाउसिंग निम्म्या तापमानाचं दिसू शकतं. मोजायच्या जागी मॅट काळ्या रंगाचा ठिपका द्या आणि दर वेळी तिथेच मोजा.

आकडा खरा आहे हे कळल्यावर तो किती वाईट आहे तेही पाहावं. ९० अंशांचा थर्मोस्टॅट असलेलं इंजिन चढावर १०० ते १०५ अंशांना गेलं, तर ते लगेच संकटात आलेलं नसतं. रेडिएटरचं झाकण साधारण एक वातावरण इतका जादा दाब धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, तर ग्लायकॉल आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण त्याहून थोडं वर. हे सगळं झाकणाच्या स्प्रिंगवर आणि रबरी वायसरवर अवलंबून असतं. झाकण दाब धरत नसेल तर तीच गाडी पंधरावीस अंश आधीच उकळू लागते. झाकणाची तपासणी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका. दाब उतरताच १०० अंशांवरचं पाणी तत्क्षणी उकळतं आणि वाफ होताना सोळाशेपटींहून जास्त फुगतं. त्याने चेहरा आणि हात गंभीर भाजतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उभ्या गाडीत किंवा गर्दीत तापमान चढतं आणि वेग घेतला की उतरतं, तर दोष बहुतेक वेळा हवेच्या बाजूला असतो. ५० किलोवॉट उष्णता वाहून नेताना हवा ४० अंशांनी तापते असं धरलं, तर दर सेकंदाला एक घनमीटरहून जास्त हवा रेडिएटरमधून जायला हवी. वेगात ती आपोआप येते, थांबल्यावर सगळी जबाबदारी पंख्यावर पडते. जुन्या पिकअपमध्ये पंख्याच्या मध्यभागी सिलिकॉन तेलाचा क्लच असतो. रेडिएटरमधून येणारी हवा गरम झाली की त्यातली द्विधातूची पट्टी झडप उघडते आणि पंखा इंजिनाबरोबर जोरात फिरू लागतो. तेल गळून गेलं की पंखा फिरताना दिसतो, पण हवा ओढत नाही. इंजिन तापलेलं असताना ते बंद करून पंखा हाताने फिरवून पाहा. तो मोकळा गरगरला तर क्लच संपलाय. इलेक्ट्रिक पंखे बसवले असतील तर तारा उलट जोडल्या गेल्यात का तेही बघा. उलटा फिरणारा पंखा हवा पुढे ढकलतो आणि समोरून येणाऱ्या हवेशीच भांडत राहतो. जाळीसमोर धरलेला कागद आत ओढला जाऊन तिथेच चिकटला पाहिजे.

बॉडी लिफ्टची, म्हणजे चासीवरून बॉडी उंच करणाऱ्या किटची, एक खास गोम आहे. या किटमध्ये बॉडी आणि तिच्यासोबत रेडिएटर वर जातो, इंजिन मात्र चासीवर जागच्या जागी राहतं. पंख्याचं केंद्र आणि श्राउडचं (पंख्याभोवतीचं, रेडिएटरला जोडलेलं कडं) वर्तुळ यांची जुळणी मोडते. पाती श्राउडला घासू नयेत म्हणून मग कुणीतरी श्राउडच काढून टाकतो. त्यानंतर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी इंजिनाच्या आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. श्राउड खाली उतरवण्याच्या पट्ट्या मिळतात, त्या लावायलाच हव्यात. रेडिएटरच्या कडेच्या फटी फोमने बुजवणंही तितकंच गरजेचं आहे, नाहीतर हवा सोप्या वाटेने बाजूने निघून जाते.

गर्दीत ठीक आणि वेगात किंवा चढावर तापणारी गाडी वेगळी गोष्ट सांगत असते. इथेही एकदा हवेकडे पाहावं. जुन्या पिकअपना बंपरखाली प्लास्टिकची एक पट्टी असे, एअर डॅम. लोक ती शोभेची समजून काढून टाकतात. प्रत्यक्षात तिच्यामुळे इंजिनाच्या खाली हवेचा दाब कमी राहतो आणि रेडिएटरमधून आलेली हवा बाहेर खेचली जाते. ती गेली की वेगात रेडिएटरच्या पुढे आणि मागे दाबाचा फरक उरत नाही आणि हवा आत शिरायला नाखूश होते. तसंच, दोन इलेक्ट्रिक पंख्यांच्या पत्र्याने रेडिएटरची मागची बाजू झाकली गेली असेल तर वेगात तोच पत्रा अडथळा ठरतो.

हवेचा प्रश्न नसेल तर कूलंटच्या प्रवाहाकडे जावं. यासाठी मला सर्वांत आवडणारी चाचणी म्हणजे रेडिएटरमध्ये जाणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या होजचं तापमान मोजणं, तेही गाडी खऱ्या भाराखाली असताना, पाइपांना तापमापकाच्या तारा बांधून. ५० किलोवॉट उष्णता नेताना कूलंट सेकंदाला दोन किलो वाहत असेल तर हा फरक सुमारे ७ अंशांचा येतो. प्रवाह निम्मा झाला की फरक दुप्पट. फरक २० अंशांवर गेला असेल तर कूलंट पुरेसं वाहत नाही. फरक लहान आणि तरीही दोन्ही होज जास्त तापलेले, तर कूलंट वाहतंय पण हवा त्याची उष्णता घेत नाही. एका मोजमापात दोन वेगळे आजार असे सुटे होतात.

प्रवाह कमी असण्याची कारणं बरीच आहेत. नळ्यांत क्षार साचलेले असतात. खालचा होज आतल्या स्प्रिंगशिवाय बसवला असेल तर जास्त फेऱ्यांना पंपाच्या शोषणाने तो चपटा होतो, आणि गाडी उभी असताना पुन्हा गोल दिसतो. इंजिन बदललेल्या गाड्यांत याहून चकवणारा एक दोष सापडतो. काही पंप पट्ट्याच्या आतल्या बाजूने फिरतात, काही पाठीने, म्हणजे उलट दिशेने. जुन्या इंजिनावर नव्या धाटणीचा लांब पट्टा बसवला पण पंप जुनाच ठेवला, तर तो उलटा फिरतो. पाणी तेव्हाही थोडंफार सरकतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही, पण भार आला की ते पुरत नाही.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याबद्दल दोन समजुती प्रचलित आहेत. एक म्हणजे त्याने इंजिन थंड राहतं. दुसरी अशी, की मग कूलंट इतक्या वेगाने पळतं की त्याला रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. दुसरी सरळ चुकीची आहे. बंद चक्रात कूलंट वेगाने फिरलं की प्रत्येक फेरीत ते कमी उष्णता सोडतं, पण फेऱ्या वाढतात. रेडिएटरचं सरासरी तापमान वाढतं आणि एकूण उष्णता जास्तच बाहेर पडते. तरीही थर्मोस्टॅट काढल्यावर काही गाड्या खरोखर तापतात. त्यांच्यात थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत असतो. तो नसला की बरंच कूलंट रेडिएटरला टाळून थेट इंजिनात परततं. शिवाय त्याच्या अडथळ्यामुळे इंजिनाच्या आत जो दाब टिकतो तो कमी होऊन हेडच्या सर्वांत गरम भागांत वाफ धरू लागते. वाफेचा थर धातूवर बसला की उष्णता बाहेर नेणं जवळजवळ थांबतं.

अडकलेली हवाही असाच त्रास देते. इंजिन रेडिएटरपेक्षा उंच बसलं असेल तर हवा हेडमध्येच राहते. गाडीचं नाक चढाकडे करून, हीटर पूर्ण उघडून, थंड इंजिनापासून सुरुवात करत झाकण काढून कूलंट भरावं आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहावं.

मग उष्णता निर्माण होण्याची बाजू. पेट्रोल इंजिनात ठिणगी उशिरा पडली तर ज्वलन पिस्टन खाली जात असतानाही चालू राहतं. कामात रूपांतरित व्हायची ऊर्जा एक्झॉस्ट पोर्टच्या भिंतींना, म्हणजेच कूलंटला मिळते. ठिणगी लवकर पडावी म्हणून डिस्ट्रिब्यूटरला (प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटणारा भाग) जोडलेली व्हॅक्यूमची नळी निखळलेली असणं हे उभ्या गाडीत तापण्याचं जुनं आणि सहज विसरलं जाणारं कारण आहे.

आणि हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधली सील, फुटलेली असणं. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये न थांबणारे बुडबुडे, होज मिनिटाभरात टणक होणं, कारण न सापडता कूलंट कमी होणं, ही तिची लक्षणं. खात्रीसाठी निळ्या द्रवाची चाचणी आहे. रेडिएटरमधली वाफ त्या द्रवातून ओढतात. जळलेल्या वायूतला कार्बन डायऑक्साइड त्यात असेल तर द्रव पिवळा पडतो.

एवढं सगळं निर्दोष निघालं, होजमधला फरक योग्य आला, पंखा, श्राउड, ठिणगीचं टायमिंग ठीक आणि तरीही भर उन्हातल्या लांब चढावर ओझ्यासह काटा चढतच राहिला, तरच रेडिएटर या इंजिनासाठी लहान आहे असं म्हणता येतं. १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी गाडीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी ८०७० बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर वापरला होता आणि त्यामुळे कमी पाण्यातच जास्त शक्तीचं इंजिन थंड ठेवता आलं. गमक होतं हवेला भिडणाऱ्या पृष्ठभागात. नवा रेडिएटर निवडताना म्हणूनच आधी समोरचं क्षेत्रफळ वाढवता येतं का ते पाहावं. जाडी वाढवली तर मागच्या रांगांना आधीच तापलेली हवा मिळते आणि त्यातून हवा ओढायला पंखाही जास्त दमाचा लागतो.