खळखळून चूळ भरली, तरी प्लाक तसाच

जेवणानंतर खळखळून चूळ भरायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे आणि ती चांगलीच आहे. पण वॉटर फ्लॉसरचा, म्हणजे पाण्याची बारीक, जोरदार धार मारून दातांच्या फटी साफ करणाऱ्या यंत्राचा, विषय निघाला की तीच आडवी येते. "पाणीच मारायचं तर दोन-तीन हजारांचं यंत्र कशाला? चूळ आहे की!" सांगलीत हे इतक्या जणांकडून ऐकलं, की एकदा नीट लिहायचं ठरवलं. भडंगाचा कण, बेदाण्याची साल चुळीनं निघते, हे मान्य. दातांचं खरं नुकसान करतो तो प्लाक.

सकाळी हिरडीलगत दातावरून नख फिरवलं तर पिवळट-पांढरा मऊ गर नखात येतो. 1683 मध्ये लीवेनहोक या डच संशोधकानं स्वतःच्या दातांमधला हाच गर भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे जीव पाहिले. हा अन्नाचा चोथा नव्हे, जिवाणूंची वस्ती आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्ससारखे जिवाणू साखरेपासून ग्लुकान हा चिकट पदार्थ बनवतात आणि त्याच्या आधारानं दाताला धरून बसतात. अशा थराला बायोफिल्म म्हणतात.

कृष्णेच्या घाटावर पाण्याखालच्या पायरीवर पाय ठेवला की निसरडं शेवाळ लागतं. वरून एवढं पाणी वाहतं, मग ते धुऊन का जात नाही? कारण वाहतं पाणी जिथं पृष्ठभागाला टेकतं, तिथं त्याचा वेग शून्य असतो. अगदी लगतचं पाणी जागचं हलत नाही, त्यावरचं किंचित सरकतं, त्याच्यावरचं थोडं जास्त. वेग असा हळूहळू वाढत जाणाऱ्या या पट्ट्याला सीमास्तर म्हणतात. शेवाळ काय किंवा प्लाक काय, या संथ पाण्याच्या आडोशाला सुखात असतात. त्यांना खरवडून काढतं ते कर्तन प्रतिबल, म्हणजे वाहतं पाणी पृष्ठभागाला घासत जाताना लावतं तो जोर. पृष्ठभागापासून वर जाताना वेग किती झपाट्यानं वाढतो, यावर ते ठरतं. चूळ भरताना वेग कमी आणि सीमास्तर जाड, त्यामुळे प्रतिबल अगदीच किरकोळ. बारीक, जोरदार धार दातावर आदळून चारी बाजूंना पसरते तेव्हा हा स्तर कमालीचा पातळ होतो आणि प्रतिबल अनेक पटींनी वाढतं.

थोडं गणित करू. फ्लॉसर 60 पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं एकक) ठेवला तर दाब हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे 4 पट होतो, म्हणजे 40 मीटर उंचीवरच्या टाकीतून पाणी यावं तेवढा. घर्षण सोडून दिलं तर धारेचा वेग सेकंदाला 29 मीटर, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे! मग हिरडी फाटत कशी नाही? नोझलचं छिद्र 0.7 मिलिमीटर धरा. एवढ्या बारीक धारेचा एकूण जोर जेमतेम 30-35 ग्रॅम वजनाइतका भरतो.

त्यात ही धार सलग नसते, ठोक्याठोक्यानं येते. बायोफिल्म चिवट असते. तिच्यावर सावकाश, सलग जोर लावला तर ती ताणली जाते, सैलावते आणि ताण जिरवून टाकते. मिनिटाला 1200 म्हणजे सेकंदाला 20 ठोके बसले तर सैलावायला उसंतच मिळत नाही. शिवाय दोन ठोक्यांमध्ये दाबलेली हिरडी पूर्ववत होते आणि दात व हिरडीमधल्या फटीतला सुटलेला मळ पाण्याबरोबर बाहेर येतो. ही करामत 1962 मधली. अमेरिकेत कोलोरॅडोच्या फोर्ट कॉलिन्स गावात दंतवैद्य जेराल्ड मोयर आणि अभियंता जॉन मॅटिंग्ली यांनी ती साधली.

"ब्रशची गरजच उरत नाही" ही जाहिरात मात्र साफ खोटी. 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, फवाऱ्यानं हिरड्यांची सूज कमी होत असावी असं दिसलं, पण प्लाक कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि पुरावाही कच्चाच होता. म्हणून ब्रश हवाच, फ्लॉसर त्याच्या जोडीला. तारा लावलेल्या मुलांना, ब्रिज किंवा इम्प्लांट (कृत्रिम दात) बसवलेल्यांना त्याचा विशेष उपयोग. प्लाक कडक होऊन कीटण झालं, की ते दवाखान्यातच काढावं लागतं.

हिरड्यांचा विषय निघालाच आहे, तर सातारा-सांगलीकडं अजूनही मिश्रीनं दात घट्ट होतात असं सांगणारी माणसं भेटतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यातल्या निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीतून रक्त येणं कमी होतं आणि दुखणं बरं झालं असं वाटतं. आत आजार वाढतच असतो, वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका. घरातल्या आजीला, मावशीला हे एवढं तरी समजावून सांगाच.

फ्लॉसर वापरायला सोपा आहे. कोमट पाणी भरा, बेसिनवर वाका, टोक तोंडात घेऊन मगच बटण दाबा, ओठ जरासे मिटा म्हणजे पाणी अंगावर न उडता बेसिनमध्ये पडेल. टोक हिरडीच्या कडेशी काटकोनात धरा आणि मागच्या दाढेपासून पुढं या, प्रत्येक फटीशी क्षणभर थांबत. सुरुवात सगळ्यात कमी दाबावर करा. पहिले काही दिवस थोडं रक्त येऊ शकतं. दोन आठवड्यांनीही येत राहिलं तर दंतवैद्याला दाखवा.

जत-आटपाडीकडं बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. तिथं फिल्टरचंच पाणी भरा, नाहीतर नोझल बुजतं आणि धार वाकडी जाते. बुजलंच तर व्हिनेगर मिसळलेलं कोमट पाणी यंत्रातून फिरवा, मग साधं पाणी.