बाण सुटण्याआधीचे अडीच मिलिमीटर

क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्यावर आडवे बसवलेले धनुष्य; बाण दांड्यावरच्या खोबणीत ठेवायचा आणि खटका दाबून सोडायचा. युरोपातला पंधराव्या शतकातला एखादा क्रॉसबो पाहिला तर एक गोष्ट खटकते. त्याला धरायला लांब लाकडी दांडा असतो, पण बंदुकीसारखा खांद्याच्या खळगीत बसणारा रुंद दस्ता नसतो. तिरंदाज तो दांडा गालाशी टेकवत किंवा खांद्यावरून सरळ मागे जाऊ देत. पोलादी धनुष्य, शेकडो किलोंचा ताण, आणि मागे येणारा धक्का झेलायची काहीच सोय नाही?

सोय नव्हती, कारण तिची फारशी गरज नव्हती. न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांनाच पाठ असतो: बाण जितका संवेग घेऊन पुढे जातो तितकाच संवेग क्रॉसबोला मागे मिळतो. पण संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आजच्या शिकारी क्रॉसबोचा बाण साधारण २६ ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला १०५ मीटर वेगाने सुटतो. गुणाकार येतो २.७ च्या आसपास. क्रॉसबो ३.३ किलोचा धरला तर तो सेकंदाला सुमारे ८० सेंटिमीटर वेगाने मागे येईल, म्हणजे सावकाश चालणाऱ्या माणसाच्या वेगाने. आता शिकारी रायफल घ्या. १० ग्रॅमची गोळी, वेग ८५०, शिवाय नळीतून तिच्यामागे सुसाटणारा वायू. एकूण संवेग १२ च्या घरात जातो आणि ४ किलोची रायफल सेकंदाला ३ मीटर वेगाने खांद्यावर आदळते. धक्क्याची ऊर्जा मोजली तर ती क्रॉसबोच्या १५ पटीहून जास्त भरते.

एवढ्यावर विषय संपला असे वाटते आणि बरेच लोक तो तिथेच संपवतातही. माझ्या मते खरी गंमत इथून पुढे आहे. खांद्याला किती लागले हा प्रश्न नेमबाजाच्या सोयीचा आहे. नेम चुकण्याशी संबंध आहे तो दुसऱ्याच प्रश्नाचा: बाण अजून खोबणीत असताना शस्त्र किती हलले?

याचे उत्तर काढायला वेग लागतच नाही. क्रॉसबो हवेत मोकळा तरंगतो आहे असे समजा. खटका दाबल्यावर बाण आणि क्रॉसबो मिळून असलेला वस्तुमानकेंद्र जागचा हलू शकत नाही. दोरी ढकलते आहे तोवर बाण ३३ सेंटिमीटर पुढे सरकला तर १२५-१३० पट जड असलेला क्रॉसबो तितक्याच पटीने कमी, म्हणजे सुमारे अडीच मिलिमीटर मागे सरकणार. बाण तुफान वेगाने जावो की रमतगमत, अडीच मिलिमीटर ठरलेले. रायफलसाठी हाच हिशोब केला तर ६० सेंटिमीटरच्या नळीतून गोळी बाहेर पडेपर्यंत, वायू धरूनही, ती दोन मिलिमीटरसुद्धा मागे गेलेली नसते. म्हणजे खांदा सुजवणारी रायफल गोळी सुटेपर्यंत क्रॉसबोपेक्षाही कमी हललेली असते! तिचा सगळा तमाशा गोळी निघून गेल्यावरचा.

वेळेचा फरक तर आणखी मोठा आहे. गोळी नळीत एक-सव्वा मिलिसेकंद असते, बाण खोबणीत सहा-सात. या काळात तिरंदाज काही दुरुस्ती करू शकेल ही आशा सोडा, माणसाची प्रतिक्रिया त्याच्या वीस-तीस पट उशिरा येते. म्हणून क्रॉसबो दर वेळी एकाच पद्धतीने धरण्यावर भर असतो. हललाच तर दर वेळी सारखाच हलू दे.

आणि अडीच मिलिमीटर हा हिशोब फक्त बाणाचा झाला. क्रॉसबोमध्ये पुढे झेपावणारी आणखी एक गोष्ट आहे, खुद्द धनुष्याच्या भुजा. जुन्या पद्धतीच्या क्रॉसबोत त्या पुढच्या दिशेला उसळतात आणि त्यांच्या संवेगाच्या बदल्यात दांडा आणखी मागे जातो. मग दोरी ताठ होते, भुजांना कचकन थांबावे लागते आणि तो संवेग त्या दांड्याला परत करतात. दांडा पुढे ओढला जातो. जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक चालवली असेल तर हा दुहेरी झटका तुमच्या ओळखीचा आहे. तिच्यात स्प्रिंगने ढकललेला दट्ट्या पुढे धावतो तेव्हा बंदूक मागे येते, आणि दट्ट्या टोकाला थबकला की ती पुढे उसळते. रायफलीवर नीट चाललेली दुर्बीण अशा बंदुकीवर खिळखिळी होऊ शकते, कारण तिची रचना एकाच दिशेचा धक्का सोसण्यासाठी केलेली असते.

या भुजा किती महागात पडतात? सर राल्फ पेन-गॉलवे या इंग्रज हौशी अभ्यासकाने एका जुन्या पोलादी क्रॉसबोने वेल्समधल्या मेनाई सामुद्रधुनीच्या पलीकडे बाण मारला होता. ताण १,२०० पौंड, म्हणजे सुमारे ५४५ किलो. बाण ८५ ग्रॅमचा, अंतर ४५० यार्डांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ४१० मीटर. दोरी मात्र जेमतेम १८ सेंटिमीटर मागे खेचली जाई. ढोबळ गणित करू. धनुष्यात साठलेली ऊर्जा साडेचारशे ज्यूलच्या आसपास. इतके अंतर कापायला बाणाला लागणारी ऊर्जा दोनशेच्या आसपास. निम्म्याहून जास्त ऊर्जा बाणाला मिळालीच नाही!

ती कुठे गेली हे मोजण्याची एक सुटसुटीत युक्ती पॉल क्लॉपस्टेग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडली. त्याचे म्हणणे असे की, दोरी आणि भुजा हलवायला लागणारी ऊर्जा म्हणजे जणू बाणाच्या पाठीवर बसलेले एक अदृश्य वस्तुमान. वरच्या क्रॉसबोसाठी ते शंभरेक ग्रॅम निघते, खऱ्या बाणापेक्षाही जड. बाण निघून जातो, हे भूत मागेच राहते आणि त्याची ऊर्जा कंपनात, आवाजात, दोरीच्या तडाख्यात खर्ची पडते.

यातून एक उफराटी गोष्ट निघते. बाण जड केला की क्रॉसबोला मागे मिळणारा संवेग वाढतो. तरीही हातात तो क्रॉसबो मवाळ वाटतो, कारण जड बाण ऊर्जेचा मोठा वाटा बरोबर घेऊन जातो आणि भुजांसाठी कमी ठेवतो. शांतपणाचा फायदा शिकाऱ्यांना चांगलाच ठाऊक असतो. ३० मीटरवरच्या हरणापर्यंत दोरीचा आवाज सेकंदाच्या अकराव्या भागात पोचतो आणि बाणाला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. तेवढ्यात हरीण दचकून खाली दबते आणि बाण पाठीवरून निघून जातो.

आजच्या कंपाउंड, म्हणजे भुजांच्या टोकांना चाके बसवलेल्या, क्रॉसबोत भुजा जवळजवळ दांड्याला समांतर मागे वळवलेल्या असतात. खटका दाबला की एक डावीकडे उघडते, दुसरी उजवीकडे, आणि दोघींचे संवेग एकमेकांना खाऊन टाकतात. पुढेमागे होणारी ओढाताण बरीच कमी होते. पण त्यासाठी दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात. दोरी हाताने ओढताना ती मधोमध बसली नाही तर बाण डावीउजवीकडे भरकटतो, म्हणून ती ओढायला दोन्ही बाजूंना सारखाच ताण देणारी कप्प्यांची दोरी वापरतात.

राहिला एक प्रसंग, ज्यात धक्का हिशोबाने शून्य असतो: बाण न लावता खटका दाबणे. पुढे काहीच गेले नाही, तेव्हा संवेगाची बेरीज शून्य. क्रॉसबो थोडा मागे येतो, थोडा पुढे जातो आणि थांबतो. मात्र बाणाने न्यायची सगळी ऊर्जा आता भुजांतच अडकलेली असते. दोरी तुटते, भुजेला चीर जाते, कधी भुजेचे तुकडे उडतात. म्हणून अनेक नव्या क्रॉसबोंमध्ये बाण जागेवर नसेल तर दोरी सुटूच न देणारी कळ बसवलेली असते.