येशू-प्रार्थना

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील अखंड जपाची प्रार्थना. ‘हे प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हे तिचे आज सर्वाधिक रूढ असलेले रूप. विश्वास, धीर आणि नम्रता हे तिन्ही गुण तिला अंगभूत मानले जातात. त्यांचा शास्त्राधार लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात एकत्र सापडतो : न्यायाधीशाकडे पुन्हापुन्हा दाद मागणारी विधवा, वर पाहण्याचेही धाडस न करता ऊर बडवणारा जकातदार आणि लोकांनी दटावले तरी येशूला हाका मारीत राहिलेला यरीहोजवळचा आंधळा. ‘मज पाप्यावर दया कर’ ही याचना जकातदाराची आहे.

प्रार्थनेच्या उगमाविषयी एकमत नाही. ईजिप्तच्या वाळवंटातील चौथ्या-पाचव्या शतकांतले संन्यासी एखादे लहान वचन सतत घोकत, हे निश्चित. मात्र ते वचन एकच नव्हते. त्या संन्याशांच्या साधनेविषयी लिहिणाऱ्या जॉन कॅसिअनने ‘हे देवा, मला साहाय्य कर’ या अर्थाचे स्तोत्रवचन सुचविले आहे. येशूच्या नावाच्या अखंड स्मरणाचा स्पष्ट उपदेश पाचव्या शतकात फोटिकीचा बिशप डायडोकस याच्या लेखनात आढळतो, तर जवळजवळ पूर्ण वाक्य ॲबा (संन्याशांना लावली जाणारी ‘पिता’ या अर्थाची उपाधी) फिलेमॉनच्या चरित्रात येते. या चरित्राचा काळ सर्वसाधारणपणे सहावे-सातवे शतक मानतात. ईजिप्तमधील केलिया या संन्याशांच्या वसाहतीतील उत्खननात मिळालेला, बहुधा सातव्या-आठव्या शतकांतील भित्तिलेख अधिक बोलका आहे : केवळ येशूला हाक मारल्याने पिता व पवित्र आत्मा वगळले जातात, या आक्षेपाला त्यात उत्तर दिले आहे. आक्षेप घेण्याइतका हा जप तेव्हा रुळला होता, असे यावरून मानणे सयुक्तिक वाटते. ‘पापी’ हा शब्द मात्र नंतरची भर दिसतो.

मान झुकवून, श्वासाच्या लयीवर, लक्ष हृदयाकडे वळवून जप करण्याची पद्धत तेराव्या शतकात ग्रीसमधील मठांसाठी प्रसिद्ध अशा ॲथॉस पर्वतावरील निकेफोरस या संन्याशाच्या लेखनात दिसते. सूफी झिक्र (ईश्वरनामाचा जप) किंवा योगाशी तिचे साम्य दाखविले जाते. प्रत्यक्ष प्रभावाचा पुरावा मात्र मिळालेला नाही. दक्षिण इटलीतील कॅलाब्रियाच्या बार्लाम या विद्वानाने या पद्धतीची टर उडविली. ॲथॉसचा संन्यासी ग्रेगरी पॅलामास (१२९६–१३५९) याने तिचे समर्थन केले आणि कॉन्स्टँटिनोपलच्या १३४१ व १३५१ च्या धर्मसभांनी त्याची बाजू उचलून धरली. तरीही पॅलामासच्या मते शारीरिक पद्धत हे नवशिक्यांचे साहाय्य आहे, प्रार्थनेचे सार नव्हे. हेच मत ग्राह्य वाटते.

जपासाठी गाठी मारलेली लोकरी दोरी वापरतात. शंभर गाठींची विशेष प्रचलित आहे. जप आधी ओठांनी, मग मनाने आणि शेवटी हृदयात होतो, असा क्रम सांगतात. पुढची पायरी कृपेने लाभते; साधकाने ती ओढून आणू नये. म्हणूनच या साधनेत धीराला इतके महत्त्व आहे. दृष्टान्त वा प्रकाश दिसू लागल्यास त्यांना भुलू नये आणि अनुभवी गुरूला सर्व सांगावे, अशी सक्त ताकीद असते. रशियन बिशप इग्नेशियस ब्रिआंचानिनॉव्ह (१८०७–६७) याने अशा आत्मवंचनेवर विस्ताराने लिहिले असून पश्चात्तापयुक्त नम्रता हाच तिच्यावरचा उपाय मानला आहे.

या विषयावरील जुन्या लेखनाचा ‘फिलोकालिया’ हा ग्रीक संग्रह १७८२ मध्ये व्हेनिस येथे छापला गेला. पायसी वेलिच्कोव्हस्की या संन्याशाने स्लाव्होनिकमध्ये (रशियन चर्चच्या उपासनेची भाषा) केलेल्या त्याच्या भाषांतरामुळे (१७९३) प्रार्थना रशियात मठांबाहेरही पोहोचली. पश्चिमेत तिचा प्रसार मुख्यतः विसाव्या शतकातला.