जठराच्या कर्करोगातील रक्तस्थ वृद्धिघटक

जठराचा कर्करोग झालेल्या अनेक रुग्णांच्या रक्तात काही वृद्धिघटकांचे प्रमाण वाढलेले आढळते. त्यावरून रोग किती पसरला आहे, पुढे काय होईल, कोणते औषध लागू पडेल हे ओळखता यावे, म्हणून या घटकांचा दर्शक या नात्याने अभ्यास होतो. वृद्धिघटक म्हणजे पेशींना वाढण्याचा व विभागण्याचा निरोप देणारी प्रथिने. त्यांच्या शोधाबद्दल रीटा लेव्ही-मोंताल्चीनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या कर्करोगात सर्वाधिक अभ्यास झाला तो व्हीईजीएफ या रक्तवाहिन्यांच्या वृद्धिघटकाचा. गाठ काही मिलिमीटरपलीकडे वाढायची तर तिला स्वतःचा रक्तपुरवठा लागतो, असे अमेरिकी शल्यचिकित्सक जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडले. प्राणवायू कमी पडू लागला की गाठीतील पेशी व्हीईजीएफ सोडतात आणि शेजारच्या वाहिन्यांना नवे फाटे फुटतात. या व्हीईजीएफचा काही अंश रक्तात उतरतो. यकृतपेशी वृद्धिघटक म्हणजे एचजीएफ याचाही असाच अभ्यास झाला आहे.

मोजणीतली खरी मेख रक्ताच्या नळीतच आहे. व्हीईजीएफचा मोठा साठा प्लेटलेटमध्ये, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या कणिकांमध्ये असतो. सीरम मिळवण्यासाठी रक्त गोठू दिले जाते. तेव्हा प्लेटलेट हा साठा बाहेर टाकतात आणि आकडा फुगतो. गोठणरोधक घालून वेगळ्या केलेल्या प्लाझ्मात तो पुष्कळ कमी येतो. कर्करोगात प्लेटलेटची संख्याही अनेकदा वाढते. मग मोजले ते गाठीतले व्हीईजीएफ की प्लेटलेटमधले? नमुना सीरमचा होता की प्लाझ्माचा, तो किती वेळ ठेवला होता, हे न पाहता दोन अभ्यासांतील आकडे शेजारी मांडणे चूकच आहे. शिवाय भरून येणारी जखम आणि दाह यांतही व्हीईजीएफ वाढते. निदान ठरते ते एंडोस्कोपी व बायॉप्सीवरच.

औषध निवडीसाठीचा अनुभवही शिकवणारा आहे. व्हीईजीएफला बांधून ठेवणाऱ्या बेव्हासिझुमॅब या औषधाची अ‍ॅव्हागास्ट ही चाचणी ७७४ रुग्णांवर झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार रोग वाढण्यापर्यंतचा काळ लांबला, पण एकूण आयुर्मानातील वाढ सांख्यिकीदृष्ट्या सिद्ध झाली नाही. प्लाझ्मात व्हीईजीएफ-ए जास्त असलेल्यांना औषधाचा अधिक लाभ होत असावा, असा कल मात्र दिसला. तो नित्य तपासणीपर्यंत पोचला नाही. व्हीईजीएफच्या ग्राहीला, म्हणजे ते पेशीवरील ज्या प्रथिनाला चिकटते त्याला, अडवणारे रामुसिरुमॅब अमेरिकेत २०१४ मध्ये मंजूर झाले. रिगार्ड चाचणीत त्याने मध्यक आयुर्मान ३.८ महिन्यांवरून ५.२ महिन्यांवर नेले. पण ते देण्याआधी रक्तातील व्हीईजीएफ पाहावे असा कोणताही दर्शक ठरलेला नाही.

याउलट हर२ या वृद्धिघटक-ग्राहीची तपासणी प्रगत रोगात नेहमीची झाली आहे, कारण तिच्यावर हर२ला अडवणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध द्यावे की नाही हे ठरते. ती मात्र रक्तावर नव्हे, गाठीच्या तुकड्यावर होते. पण एकाच गाठीत काही भागांत हर२ भरपूर आणि शेजारी मुळीच नाही, असे जठरात वारंवार घडते. म्हणून एका तुकड्यावर न थांबता अनेक तुकडे घ्यावे लागतात. संपूर्ण गाठीची खबर एका नळीत देऊ शकेल असा रक्तातला दर्शक हवासा वाटतो, तो याच अडचणीमुळे.