आधी ओळंबा, मग फोर्क

गाडी सपाट लादीवर सरळ उभी करा. पुढच्या चाकाच्या एक्सलमधून ओळंबा सोडा आणि तो जिथे टेकतो तिथे खडूची खूण करा. मग चेसिसच्या ज्या नळीत स्टेअरिंग फिरते, त्या नळीच्या मध्यरेषेत बाजूने एक सरळ पट्टी धरा. तिचा कल न बदलता तीच रेषा लादीपर्यंत न्या आणि दुसरी खूण करा. ही खूण ओळंब्याच्या खुणेपुढे पडते. दोन खुणांमधले अंतर म्हणजे ट्रेल. घरी बांधलेल्या मोटारसायकलला वेगळा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारे दोन पाय, बसवायचा असेल तर हा आकडा सर्वात आधी वहीत लिहून ठेवावा. फोर्क किती लांब, किती जाड, कोणत्या गाडीचा, हे सगळे त्यानंतर.

ट्रेलचे काम ट्रॉलीच्या फिरत्या चाकांत दिसते. चाक ज्या खिळ्याभोवती वळते, त्या खिळ्याच्या मागे ते जमिनीला टेकलेले असते. ट्रॉली ढकलली की चाक आपोआप मागे ओढले जाऊन सरळ होते. मोटारसायकलचे पुढचे चाकही असेच स्टेअरिंगच्या रेषेमागे टेकते आणि वाकडे झाले की रस्ताच त्याला सरळ करतो. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने 1970 साली यावर प्रयोग केले. पुढच्या चाकाशेजारी उलट फिरणारे दुसरे चाक लावून त्याने फिरत्या चाकाचा भोवऱ्यासारखा तोल धरण्याचा परिणाम रद्द केला, तरी सायकल चालवता आली. चाक चार इंच पुढे नेऊन ट्रेल उलटी केल्यावर मात्र ती सांभाळणे फार अवघड झाले. 2011 साली संशोधकांनी याहून पुढचे दाखवले. ट्रेल आणि भोवऱ्याचा परिणाम हे दोन्ही नसलेली सायकलही, वजनाची मांडणी नेमकी असेल तर, आपली आपण तोल सांभाळते. म्हणजे ट्रेल हे एकमेव कारण नव्हे. पण गॅरेजमध्ये फोर्क बदलताना जी गोष्ट सहज बिघडते आणि सहज मोजताही येते, ती हीच.

हिशेबाला तीन मापे लागतात. पहिले चाकाची त्रिज्या, टायरसकट. दुसरे रेक, म्हणजे स्टेअरिंगच्या नळीचा उभ्या रेषेपासूनचा कल. तिसरे ऑफसेट, म्हणजे बाजूने पाहताना स्टेअरिंगच्या मध्यरेषेपासून एक्सल किती पुढे आहे ते अंतर. त्रिज्येला रेकच्या साइनने गुणा, त्यातून ऑफसेट वजा करा आणि आलेल्या उत्तराला रेकच्या कोसाइनने भागा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे होते.

एक उदाहरण घेऊ. 3.25-19 टायरची त्रिज्या 330 मिमी, रेक 28 अंश, ऑफसेट 60 मिमी आणि दोन चाकांमधले अंतर 1400 मिमी. ट्रेल येते सुमारे 107 मिमी. रस्त्यावरच्या बहुतेक मोटारसायकली 90 ते 120 च्या दरम्यान असतात, तेव्हा हे ठीकच आहे.

आता हाच फोर्क चॉपरसारखा 100 मिमी लांब करा. गाडीचे नाक वर जाते आणि सगळी चेसिस मागच्या एक्सलभोवती सुमारे साडेतीन अंश फिरते. रेक साडेएकतीस होतो आणि ट्रेल 132 पर्यंत जाते. इंचामागे जवळपास एक अंश, हा अंदाज लक्षात ठेवण्याजोगा आहे. सरळ रस्त्यावर अशी गाडी रुळावरून चालल्यासारखी वाटते, पण हळू वेगात ती त्रास देते. हॅन्डल वळवले की पुढचा भाग किंचित खाली बसतो आणि स्वतःच्या वजनाने हॅन्डल आणखी वळू पाहते. या ओढीला फ्लॉप म्हणतात. या उदाहरणात ती जवळपास एक-तृतीयांशाने वाढते. गल्लीत यू-टर्न घेताना हॅन्डल हातातून निसटल्यासारखे कोसळते, ते यामुळे.

उलट दिशेची चूक जास्त घातक आहे. लांब फोर्कने वाढलेली ट्रेल कमी करण्यासाठी बाजारात तिरक्या भोकांच्या टी-प्लेट, म्हणजे फोर्कच्या दोन्ही नळ्या वर-खाली पकडणाऱ्या प्लेट, मिळतात. त्यांत नळ्या स्टेअरिंगच्या रेषेला समांतर न राहता तीन किंवा पाच अंश पुढे झुकतात. लांब फोर्कबरोबर त्या योग्य आहेत. पण दिसायला छान म्हणून मूळ लांबीच्या फोर्कवर पाच अंशांच्या प्लेट लावल्या, तर वरच्या उदाहरणात एक्सल 50 मिमीहून जास्त पुढे सरकतो आणि ट्रेल 107 वरून 45 च्या आसपास येते. गॅरेजच्या दारात गाडी हलकी, चपळ वाटते. वेगात एखादा खड्डा लागला की हॅन्डल दोन्ही बाजूंना फडफडू लागते आणि ते हाताने थांबवता येईलच असे नाही.

आपल्याकडे सर्वात जास्त मोह होतो तो जुन्या बुलेटवर स्पोर्ट्स बाइकचा उलटा फोर्क चढवण्याचा, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत नळी खाली असलेला. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुने सुटे भाग शोधणारे याच्याच मागे असतात. सोबत 17 इंची चाकही येते आणि त्याची त्रिज्या 293 मिमीच्या आसपास असते. मूळ ऑफसेट ठेवून नुसते चाक लहान केले तर गाडीचे नाक खाली येते, रेक साडेसव्वीसवर उतरतो आणि ट्रेल 79 पर्यंत घसरते. स्पोर्ट्स बाइकच्या टी-प्लेटचा ऑफसेट मात्र बहुधा 25 ते 35 मिमी असतो. 30 धरला तर ट्रेल पुन्हा 115 च्या घरात येते. म्हणून फोर्क घेताना चाक, एक्सल, दोन्ही टी-प्लेट, कॅलिपर आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच गाडीचे घ्यावेत. पैसे वाचवायला प्लेट दुसऱ्या गाडीच्या घेतल्या की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

कास्ट आयर्न इंजिनच्या जुन्या बुलेटमध्ये आणखी एक अडचण आहे. तिथे हेडलाइट, स्पीडोमीटर आणि ते दोन छोटे दिवे ज्या ओतीव घरात बसतात, तेच घर फोर्कची वरची पकड असते. ते काढले की वरची टी-प्लेट जाते आणि दिवा, मीटर, वायरिंग यांचे घरही जाते. या सगळ्याची सोय आधी ठरवलेली बरी.

खरे कौशल्य लागते ते स्टेममध्ये, म्हणजे खालच्या टी-प्लेटमधून वर येऊन चेसिसच्या नळीत फिरणाऱ्या दांड्यात. नव्या फोर्कचा स्टेम क्वचितच जुन्या चेसिसच्या लांबीचा असतो. मग लेथवर नवा करून घ्यावा लागतो. साधी माइल्ड स्टीलची सळई इथे चालत नाही, ईएन19 किंवा ईएन24 हे ताकदवान मिश्रपोलाद मागा. टर्नरला एक गोष्ट आवर्जून सांगा: व्यास जिथे बदलतो तिथे काटकोनी कोपरा नको, दीड-दोन मिमीची गोलाई हवी. प्रत्येक धक्क्याला स्टेम किंचित वाकतो आणि तीक्ष्ण कोपऱ्यात सगळा ताण गोळा होतो. तडा तिथूनच सुरू होतो आणि बेअरिंगखाली झाकलेला असल्याने तो दिसत नाही.

स्टेम अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये घट्ट बसायला हवा. 30 मिमी व्यासाला भोकापेक्षा तो 0.04 मिमी मोठा ठेवा. हातोड्याने ठोकलात तर भोक ओरबाडले जाईल. प्लेट ओव्हनमध्ये 150 अंशांपर्यंत तापवा, स्टेम रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. 120 अंशांच्या वाढीने अ‍ॅल्युमिनियमचे भोक सुमारे 0.08 मिमी मोठे होते आणि उणे 18 अंशांना पोलाद आणखी 0.017 आकसते. 0.04 चा अडसर संपून 0.06 ची फट मिळते आणि स्टेम हाताने सरकन खाली जातो. वेळ मात्र काही सेकंदांचीच असते, तेव्हा दिशा आणि खोली आधीच पक्की करून ठेवा. गॅसच्या ज्योतीने प्लेट तापवू नका. दोनशे अंशांच्या वर गेल्यावर अ‍ॅल्युमिनियमला कारखान्यात दिलेली ताकद उतरू लागते. प्लेटला वेल्डिंग करायचे नाही, तेही याच कारणाने.

जुन्या बुलेटच्या कोनसेटमध्ये, म्हणजे स्टेअरिंगच्या बेअरिंगमध्ये, सुट्या गोळ्या असतात. त्यांच्या जागी टेपर रोलर बेअरिंग घातली तर वजन बिंदूऐवजी रेषेवर पेलले जाते. 32006 या क्रमांकाच्या बेअरिंगचा आतला व्यास 30, बाहेरचा 55 आणि जाडी 17 मिमी असते. चेसिसच्या नळीत ते बसायला कप किंवा बुश करावे लागतात आणि वरचा-खालचा कप एकाच रेषेत असणे अत्यावश्यक आहे. ते लांब बोल्ट आणि जाड वॉशरने ओढून बसवा.

घट्ट करताना आधी नट चांगला आवळा, स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत दहा-बारा वेळा फिरवा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. मग नट सैल करून पुन्हा हलकाच आवळा. पुढचे चाक अधांतरी ठेवून हॅन्डलला मधून जरासा धक्का द्या. ते स्वतःच्या वजनाने संथ बाजूला पडले पाहिजे. चिकटले तर घट्ट आहे. चाक पुढे-मागे हलवल्यावर टकटक झाली तर सैल आहे. मधोमध खाच लागल्यासारखे अडकत असेल तर बेअरिंगच्या कपात खळगे पडले आहेत, ते बदलावेच लागेल. तीनशे किलोमीटरनंतर हीच तपासणी पुन्हा करा, कारण नवे कप थोडे बसतात.

फोर्कच्या नळ्या घेताना काचेचा सपाट तुकडा सोबत ठेवा. नळी त्यावर फिरवली की वाक लगेच दिसतो. लांबी वाढवायला नळीच्या वरच्या टोकाला जोडतुकडे आटे पाडून बसवतात. असा जोड दोन टी-प्लेटच्या मध्ये किंवा वर असावा, खालच्या प्लेटच्या खाली कधीही नाही. ब्रेक मारल्यावर सर्वात जास्त वाक खालच्या प्लेटपाशी पडतो. शिवाय मोकळी लांबी 500 वरून 600 मिमी केली तर तेवढ्याच जोराला नळी 1.7 पट जास्त वाकते. म्हणून लांब फोर्कला जाड नळी हवी. भिंतीची जाडी तीच ठेवून 35 ऐवजी 41 मिमीची नळी घेतली तर ताठपणा सुमारे 1.65 पट होतो, म्हणजे वाढवलेल्या लांबीची जेमतेम भरपाई.

फोर्क चढवताना सगळे पकड-बोल्ट सैल ठेवा. एक्सल हाताने आरपार जायला हवा. हातोडी लागली तर दोन पाय समांतर नाहीत. एक्सलचा नट आवळा, फोर्क पाच-सहा वेळा दाबा, मग खालच्या आणि शेवटी वरच्या प्लेटचे बोल्ट आवळा. उलट्या फोर्कला खालची पकड जास्त आवळली की बाहेरची नळी अंडाकृती होते आणि आतली नळी अडकते. टॉर्क रेंच वापरून फोर्कच्या निर्मात्याने दिलेलाच आकडा पाळा. तेलाची पातळीही बाटलीच्या अंदाजाने ठरवू नये. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेलापर्यंतची मोकळी जागा मोजायची. 31 मिमी आतल्या व्यासाच्या नळीत 10 मिलि तेलाने पातळी 13 मिमी चढते. तेल जास्त झाले की शेवटच्या टप्प्यात कोंडलेली हवा फोर्क दगडासारखा करते.

स्प्रिंग काढलेल्याच आहेत तर आणखी एक तपासणी उरकून घ्या. फोर्क तळाला टेकवून हॅन्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. टायर, मडगार्ड आणि सायलेन्सरचा पाइप यांत निदान 10 मिमी अंतर राहिले पाहिजे. फोर्क टाकीला लागण्याआधी थांबवणारा स्टॉप चेसिसवर नसेल तर तो आत्ताच करून घ्या. ड्रम ब्रेक ठेवणार असाल तर ब्रेक प्लेटचा अडकवण फोर्कच्या पायात पक्का हवा. तो नसेल तर पहिल्याच ब्रेकला प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल गुंडाळते आणि चाक जाम होते.

हॅन्डलबारचा व्यास क्लॅम्पशी जुळलाच पाहिजे. 22 मिमी, 25.4 मिमी आणि मधोमध 28.6 मिमीचा टेपर बार, हे तिन्ही बाजारात मिळतात. 25.4 च्या क्लॅम्पमध्ये पत्र्याची पट्टी घालून 22 चा बार बसवणे म्हणजे तो वेगात फिरण्याची वाट पाहणे. बार जितका अरुंद तितका हाताचा जोर जास्त लागतो. 750 वरून 600 मिमी केला तर तेवढेच वळण घ्यायला सव्वापट ताकद लागते. एप-हँगर या उंच हॅन्डलला मुळाशी मोठी तरफ मिळते, म्हणून त्याला उचलून धरणारे रायझर रबरी बुशवर नकोत. वायर आतून नेण्यासाठी भोक पाडायचेच असेल तर ते क्लॅम्पच्या कडेपासून दूर पाडा. भोकाच्या काठाशी ताण तिपटीपर्यंत जातो, म्हणून काठ कानसने गुळगुळीत करून रबरी ग्रोमेट घाला.

बार बदलला की केबलही बदलते, हे सर्रास विसरले जाते. इंजिन चालू ठेवून हॅन्डल दोन्ही टोकांना वळवा. आवाज चढला तर अ‍ॅक्सिलरेटरची केबल तोकडी आहे आणि वळणावर गाडी आपोआप वेग घेईल. ब्रेकचा होजही पूर्ण वळणात आणि फोर्क पूर्ण सुटलेला असताना ताणलेला दिसता कामा नये.

कायद्याची बाजू सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ रचनेपासून दूर नेणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अशी गाडी खासगी जागेत, ट्रॅकवर किंवा प्रदर्शनात चालवावी.

सगळे बसल्यावर, गाडीवर माणूस बसवून, ओळंबा पुन्हा सोडा आणि आकडा वहीतल्याशी ताडून पाहा. मग टी-प्लेट, एक्सल, कॅलिपर आणि हॅन्डल क्लॅम्पच्या प्रत्येक बोल्टवर, बोल्टपासून शेजारच्या धातूपर्यंत, पांढऱ्या ऑइल पेंटची बारीक रेघ ओढा. मोकळ्या मैदानात पन्नास किलोमीटर चालवून झाले की रेघा तपासा. ज्या बोल्टवरची रेघ तुटली, तो फिरला आहे.