कॅमेरा धरणारा यांत्रिक हात: घेण्याआधी एवढं वाचा
(सांगली-मिरज, तासगाव, विटा, जत भागातील सर्जन व रुग्णालयचालकांसाठी)

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तुमचे दोन्ही हात अवजारांत गुंतलेले, आणि पोटात दिसतं ते दुसऱ्याने धरलेल्या कॅमेऱ्यातून. तासाभराने त्या माणसाचा हात थरथरतो, चित्र कलतं, स्कोपचं (कॅमेरा लावलेल्या दुर्बिणीच्या नळीचं) टोक आतड्याला लागून लेन्स माखते. शिकाऊ डॉक्टर हाताशी असलेल्या मिरजेच्या मोठ्या रुग्णालयांत हे निभावतं. जतला रात्री अपेंडिक्स आलं की कॅमेरा कोणाकडे द्यायचा, इथूनच सुरुवात होते.

आम्ही विकतो तो यांत्रिक हात ऑपरेशन टेबलाच्या बाजूच्या पट्टीला बसतो आणि स्कोप धरतो. एवढंच. कापणं-शिवणं तुमच्याकडेच राहतं. दा विंची या शस्त्रक्रियेच्या रोबोटसारखी, कन्सोलवर (नियंत्रण-टेबलावर) बसून चालवायची यंत्रणा वेगळी. त्यामुळे पेशंटच्या नातेवाइकांना ‘रोबोटने ऑपरेशन केलं’ असं कृपया सांगू नका.

स्कोप पोटाच्या भिंतीतल्या छिद्रावर तोलून फिरतो. बाहेरचं टोक डावीकडे नेलं की आतलं उजवीकडे जातं. चांगला यांत्रिक हात तो बिंदू जागचा हलू देत नाही, म्हणून पोर्टवर (छिद्रात बसवलेल्या नळीवर) ताण येत नाही. पेशंट टेबलावर सरकला, तर मात्र बिंदू पुन्हा जुळवावा लागतो. स्टाफला आम्ही सगळ्यात आधी हेच शिकवतो.

हुकूम देण्याच्या तऱ्हा अनेक. अमेरिकेत १९९४ साली एफडीएची (तिथल्या औषध-उपकरण नियामक संस्थेची) मान्यता मिळालेल्या ‘ईसॉप’ या यांत्रिक हाताला पुढे आवाजी हुकूम समजू लागले. ब्रिटनचा ‘एन्डोअसिस्ट’ सर्जनच्या डोक्याच्या हालचालीवर चालायचा, तेही पायाखालचं पेडल दाबलेलं असेल तरच. काहींना जॉयस्टिक असते. आमचं मत पेडलच्या बाजूने: ऑपरेशन थिएटरमध्ये सगळेच बोलत असतात.

आता उणिवा. मांडायला आणि निर्जंतुक आवरण चढवायला वेळ जातो. लेन्स धुरकटली तर स्कोप काढून पुसायला माणूस लागतोच. पोटाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्यात झटकन जायचं असेल, तर माणसाचा हात अजूनही सरस. रक्तस्राव झाला तर यांत्रिक हात क्षणात बाजूला काढता आला पाहिजे. डेमोत हे स्वतः करून बघा, आमच्या शब्दावर जाऊ नका. यूपीएस हवाच.

महिन्याला दोन-चार पित्ताशयं होत असतील आणि हाताखाली सवयीची सिस्टर असेल, तर तूर्त घेऊ नका. विकायला बसलोय, तरी सांगतो.

डेमो आम्ही सरावाच्या पेटीवर देतो, पेशंटवर नाही. येण्याआधी टेबलाच्या पट्टीची रुंदी-जाडी मोजून ठेवा आणि स्कोप ५ मिलिमीटरचा की १० चा, ते कळवा.